तांदळाच्या दाण्याएवढी फट

जिनेंद्र सरांनी आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीही फोनवर. समोर माणूस असता तर तेवढीही जमली नसती.

"केबल ना? ती मी घरीच बदलतो. त्यात काय एवढं!"

पलीकडे आष्ट्यात त्यांचा भाचा भरतेश बराच वेळ काही बोलला नाही. ज्या मामांना नळाचा वायसर बदलायला प्लंबर लागतो, आणि त्या प्लंबरला हाक मारायला शेजारचा माणूस लागतो, ते मामा मोटारीच्या पोटात हात घालणार, हे पचवायला त्याला वेळ हवा होता. फोन तुटला असं समजून सरांनी तेच वाक्य स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा ते तितकंसं खरं वाटलं नाही.

जिनेंद्र सर म्हणजे उंब्रजच्या हायस्कुलातले निवृत्त ग्रंथपाल. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही, पण गावाने 'सर' ही पदवी देऊन टाकलेली. लग्न झालं नाही. म्हणजे एका स्थळाला होकार कळवायचा होता. तो कोणत्या शब्दांत कळवावा याचा विचार करता करता त्या मुलीला दोन मुलं झाली. मोठी बहीण आक्काताई, भरतेशची आई, वर्षातले निम्मे दिवस त्यांच्याकडे येऊन राहायची. जिनूच्या ताटात कुणी वाढलं नाही तर तो मागणार नाही, तसाच उपाशी मरेल, असं तिचं मत होतं आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्याला काही विचारणं सरांना विंचू उचलण्याइतकं अवघड वाटे. एसटीने कराडहून येताना एकदा कंडक्टरला 'उंब्रजला थांबवा' म्हणायचं धाडस होईना. गाव डोळ्यांसमोरून गेलं, घराचं छप्परसुद्धा दिसलं, आणि सर थेट साताऱ्याला उतरले. शेजारचा कुणी मोटारसायकलवरून निघाला, तर 'मला सोडता का' हे तीन शब्द घशात अडकून त्यांना ठसका लागायचा. समोरचा म्हणायचा, सर, पाणी प्या, आणि निघून जायचा.

म्हणून ती गाडी. भरतेशने नवी घेतली तेव्हा जुनी मामांना दिली होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. सरांच्या दृष्टीने जगातलं हे एकच यंत्र सभ्य होतं. ते काही विचारत नव्हतं आणि त्याला काही विचारावं लागत नव्हतं. बसायचं आणि निघायचं. कराडच्या वाचनालयात जायचं, डोंगराच्या कडेला झाडाखाली थांबून वाचायचं, परत यायचं. कुणाची मिनतवारी नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना पहिल्यांदा आपण स्वतंत्र माणूस आहोत असं वाटू लागलं होतं.

आणि तिचीच केबल गेली. अ‍ॅक्सिलेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी एक तार. पाय किती दाबला हे गिअरला कळवणं एवढंच तिचं काम. तिचे धागे उसवले आणि गाडी भलत्या वेळी भलता गिअर टाकू लागली. कराडच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं, हळूच मिटलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना खोलीबाहेर बोलावतात तसं सरांना बाजूला घेतलं. असली गाडी आता कुणी दुरुस्त करत नाही, म्हणाला. जितके दिवस आहे तितके दिवस.

हे कळल्यावरच भरतेशचा तो फोन आला होता. सरांची बढाई ऐकून घेतल्यावर त्याने अट घातली.

"मामा, माझ्या ब्राह्मीचा साखरपुडा सोमवारी सकाळी आहे. रविवारी आईला घेऊन तुम्ही या. गाडी स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात आली, तर जन्मभर ठेवा, मी चकार शब्द काढणार नाही. दोरी बांधून ओढत आणावी लागली, तर तिथनंच भंगारात. वाईट वाटून घेऊ नका, पण एखाद्या दिवशी हायवेवर तुमचं काहीतरी होईल."

सर 'बरं' म्हणाले. 'बरं' हा त्यांचा सर्वांत सरावाचा शब्द.

पुण्याच्या जुन्या बाजारातून केबल आली. गाडीबरोबर मिळालेलं जाड इंग्रजी पुस्तक सरांनी अभ्यासाला घेतलं. केबलचं प्रकरण त्यांनी इतक्या वेळा वाचलं की त्यातल्या छपाईच्या चुका पाठ झाल्या. सगळं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं: पाय पूर्ण सोडलेला असताना केबलच्या टोकाला किंचित फट राहिली पाहिजे. तांदळाच्या दाण्याएवढी. फट राहिली नाही तर गाडीला वाटतं, पाय सतत दाबलेलाच आहे, आणि ती वरचा गिअर टाकायचं नाव घेत नाही. सरांनी स्वयंपाकघरातून तांदळाचा एक दाणा आणून खिशात ठेवला. बासमती की इंद्रायणी, यावर तासभर विचार करून इंद्रायणी ठेवला.

रविवारी सकाळी अंगणात सतरंजी टाकून सर गाडीखाली शिरले, आणि पाठोपाठ कुंपणावरून शेजारचा गुंडा आला. गुंडा हे नुसतं नाव; माणूस सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पहाडी आवाज, पहाडी मिशा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण अंगणात कुणी पाना हातात घेतला की गुंडा दुसऱ्या गल्लीतून यायचा.

"सर, तुमी निस्तं पडून ऱ्हावा. बाकी आमी बगतो," असं म्हणून तो मांडी घालून बसला.

पडून राहण्यातसुद्धा सरांनी चूक केली. जुनी केबल सोडवायला गिअरबॉक्सच्या खालचं ताटासारखं झाकण काढायचं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, आधी तेल काढून घ्या. सर गुंडाला हे सांगावं की नको, सांगितलं तर त्याला अपमान वाटेल का, याचा विचार करत होते तोवर गुंडाने शेवटचा बोल्ट सोडला. आतलं तेल एकदम आलं. गिअरचं तेल लालभडक असतं. ते सरांच्या छातीवरून, सतरंजीवरून, उताराने ओघळत अंगणाच्या मध्यावर गेलं.

तेवढ्यात गुंडाची बायको मनुबाई नवऱ्याला चहाला बोलवायला आली. तिला दिसले गाडीखालून बाहेर आलेले सरांचे दोन निश्चल पाय, आणि लाल पाट. तिने जी किंकाळी फोडली, ती हायवेपर्यंत ऐकू गेली असावी, कारण एक ट्रक थांबल्याचा आवाज आला. आळी जमली. सर गाडीखालून क्षीण आवाजात 'मी बरा आहे' म्हणत होते, पण ते आत बोललेलं बाहेर कुणाला ऐकू येत नव्हतं. कुणीतरी त्यांचे पाय धरून ओढले. लाल माखलेले सर बाहेर आले आणि सगळ्यांना नमस्कार करून, त्रासाबद्दल क्षमा असावी म्हणाले.

पण खरा घात पलीकडे झाला होता. अंगणाच्या मध्यावर आक्काताईने नातीच्या, ब्राह्मीच्या साखरपुड्यासाठी केलेले उडदाचे पापड वाळत घातले होते. शेजारी तिच्या चपला होत्या. पापड, खालचं धुतलेलं पातळ आणि चपला, सगळं लाल तेलात तरंगत होतं.

आक्काताई दारात आली. तिने पापडांकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं, शेवटी भावाकडं पाहिलं.

"जिनू, आता आष्ट्यात माज्या लेकाच्या दारात पाय ठेवीस्तोवर माज्या तोंडातनं शबूद निघायचा न्हाई. तुज्याशी न्हाई, कुनाशीच न्हाई."

आणि ती आत गेली. ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. सरांना रडावंसं वाटलं. पण आळीसमोर कसं रडायचं, म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

केबल बसली. झाकण लागलं, नवं तेल भरलं. शेवटचं काम उरलं: टोकाचा नट किती कसायचा. सरांनी खिशातला तांदूळ चाचपला. गुंडाने पक्कड घेतली आणि केबल अशी ओढली की बॉनेटखालचं काहीतरी कण्हलं. लष्करात ढिलं काही चालत नाही, दोरी असो नाहीतर जवान, असं त्याचं म्हणणं पडलं.

सरांना सगळं ठाऊक होतं. पान क्रमांकासकट. पण गुंडा बर्फात गाड्या चालवून आलेला, आपण कपाटं लावलेली. पुस्तकच चुकलं असेल तर? आपण वाचण्यात चुकलो असू तर?

"ते... बहुतेक... थोडी..." एवढं ते म्हणाले.

"थोडी आनखी? कसतो की," गुंडा म्हणाला आणि त्याने आणखी दोन आटे फिरवले.

तांदळाचा दाणा सरांच्या खिशातच राहिला.

गाडी सुरू झाली, हा चमत्कार पाहून आळी पांगली. वाटेत काही झालं तर मागच्यांना कळावं म्हणून गुंडाने खोक्याच्या पुठ्ठ्यावर 'सावकाश' असं ठळक लिहून मागच्या काचेला चिकटवलं, आणि चारी इंडिकेटर चालू ठेवायला बजावलं. आक्काताई पांढरं पातळ नेसून, गाळलेल्या पाण्याचा पितळी तांब्या घेऊन मागं बसली. चपला गेल्याने पाय अनवाणी. जैन नेमाप्रमाणे दिवस मावळल्यावर ती अन्नच काय, पाण्याचा थेंबही घेत नसे. म्हणून उन्हं असेतो आष्टा गाठणं भाग होतं. सरांनी दुपारी वेळ हाताशी ठेवून गाडी काढली.

हायवेला लागल्यावर कळलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती आणि तिथंच राहायचा तिचा निश्चय होता. इंजिन पिसाळल्यासारखं ओरडत होतं, आणि बाहेर झाडं मात्र एकेक करून, नीट ओळख करून देत मागं जात होती. आणखी दाबलं की आवाज वाढे, वेग नाही. दाबायची भीतीच वाटे. त्यांना ट्रक ओलांडून गेले, रिक्षा गेल्या, टेम्पोत उभ्या केलेल्या दोन म्हशी गेल्या. उसाचा डबल ट्रॉली ट्रॅक्टर गाणी वाजवत पुढं गेला आणि त्याच्या ड्रायव्हरने सरांकडं कीव आल्यासारखं पाहिलं. थांबून केबल सैल करावी, तर पक्कड गुंडाकडं. कुणाकडं मागावी, तर मागावी लागणार. गाडी बंद केली आणि परत सुरू झाली नाही तर दोरी, दोरी आली की भंगारवाला. सर कण्हत राहिले, गाडी किंचाळत राहिली, आणि मागं आक्काताई दगडासारखी गप्प.

पेठ नाक्यावरून आत वळेपर्यंत उन्हं उतरायला लागली. आष्टा दोन-अडीच किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा बॉनेटमधून करपल्याचा वास आला. सरांनी पाय आणखी उचलला. गाडी माणसाच्या चालीवर आली. आक्काताईने खिडकीतून सूर्याकडं पाहिलं, भावाच्या खांद्यावर दोन टोले मारले आणि दार उघडून चालत्या गाडीतून खाली उतरली. हातात तांब्या होता. सीटवर पडलेला, गाडी पुसायचा पिसांचा झाडू कुत्र्यांसाठी तिने दुसऱ्या हातात घेतला आणि ताडताड पुढं चालू लागली. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज अनवाणी जाणारी ती बाई, त्या गाडीपेक्षा खरंच वेगात होती.

आता जे दिसत होतं ते असं. रस्त्याने एक वृद्ध बाई चाललेली, अंगावर पांढरं वस्त्र, पाय अनवाणी, एका हातात कमंडलूसारखं काहीतरी, दुसऱ्यात पिसं. मागोमाग तिच्या चालीने सरकणारी मोटार, चारी दिवे लुकलुकतायत, काचेवर 'सावकाश'. त्या भागात हे दृश्य लहान पोरालाही कळतं. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, कमंडलू आणि मोरपिसांची पिंछी घेऊन पायी विहार करतात, आणि रहदारीपासून सांभाळायला मागं अशीच एक गाडी चालते.

समोरून आलेल्या मोटारसायकलवाल्याने गाडी बाजूला घेतली, चपला काढल्या आणि रस्त्यातच वाकला.

"वंदामि, माताजी."

आक्काताई दचकली. तिने झाडू हलवून त्याला नको-नको केलं. त्याला तो आशीर्वाद वाटला. आपण कुठून आलात, असं त्याने हात जोडून विचारलं. आक्काताईने ओठ घट्ट मिटून आष्ट्याकडं बोट दाखवलं. माताजींचं मौन आहे, हे त्याने ओळखलं. मग तो सरांच्या खिडकीशी आला. सरांनी अंगातलं सगळं बळ एकवटलं.

"अहो, तसं काही नाही. ती माझी बहीण आहे."

तो गृहस्थ भारावून गेला. सख्ख्या बहिणीच्या विहारात असा भाऊ लाभायला पुण्य लागतं, म्हणाला. मग त्याने एक फोटो काढला आणि गाडी उलटी वळवून आष्ट्याकडं सुसाट गेला.

सरांना पुढचं सगळं दिसलं, आणि काही करता आलं नाही. ओरडून आक्काताईला सांगावं तर इंजिनापुढं आवाज पोचेना. पुढं नेऊन तिला आत बसवावं तर वास वाढे. वस्तीजवळ दोन बायका रांगोळी काढताना दिसल्या. पुढच्या वळणावर वीसेक माणसं सामील झाली. त्यांनी आक्काताईला मध्ये घेऊन दोन्हीकडं साखळी धरली. कुणी पायांखाली पाणी शिंपडू लागलं. आक्काताई कावरीबावरी होऊन मागं भावाकडं बघत होती, पण शब्द दिला होता म्हणजे दिला होता. गावाच्या कमानीत बँड उभा होता. तो वाजायला लागला तेव्हा सरांनी डोळे मिटले. मग आपण गाडी चालवतोय हे आठवून उघडले.

बँड, मागं झेंडेवाली पोरं, मागं बायका, मध्ये आक्काताई, आणि सर्वांत मागं किंचाळणारी गाडी. भरतेश बस्तीचा खजिनदार. धावपळीत कुणीतरी फोटो नीट बघूही न देता हाताला धरून आणलेला, स्वागताला सर्वांत पुढं, सोवळं नेसून, पंचारती घेऊन तो स्वतःच्याच दारासमोर उभा होता. मिरवणूक जवळ आली. माताजींच्या चेहऱ्यावर त्याची नजर गेली. पंचारती वाकडी झाली.

"आई?"

बँड एकेका वाद्याने थांबला. शेवटी क्लॅरिनेट तेवढी एकटी थोडी पुढं गेली आणि लाजून गप्प झाली. शे-दीडशे माणसं माना उंचावून बघत होती. आक्काताईने लेकाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला, वळून सूर्य पाहिला. तो उसाच्या तुऱ्यांना टेकला होता.

"आदी ताट वाढा," ती म्हणाली. "रागवायचं ते मागनं रागवा. माजा सकाळधरनं घास न्हाई पोटात."

आणि ती आत जेवायला गेली. जमावाची सगळी नजर सरांवर आली.

सर गाडीतून उतरले. त्यांनी हात जोडले आणि उभ्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं: केबल, तेल, पापड, पक्कड. आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेने मागच्या रांगेला सांगावं लागलं. पापडांपर्यंत गोष्ट पोचली तेव्हा मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. बँडवालाही. भरतेश कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, शब्द म्हणजे शब्द. स्वतःच्या चाकांवर आणलीत. गाडी तुमची."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी वाचली होती. कराडचं वाचनालय, झाडाखालचं वाचन, सगळं वाचलं होतं.

तेवढ्यात समाजाचे अध्यक्ष आप्पासो पुढं आले. ते हसत नव्हते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, कमानीपासून इथवर अशीच आली? एकसारखी? धक्का न देता? सर हो म्हणाले. आप्पासोंनी मान डोलावली. पाडव्यानंतर महाराजांचा संघ म्हसवडच्या बाजूला विहाराला निघणार होता. मागं चालवायला गाडी मिळत नव्हती. नव्या गाड्यांना चालीने चालवलं की क्लच जळतात, आणि पोरं थोडा वेळ कंटाळतात की लगेच दाबतात.

"ही दाबली तरी पळत न्हाई, व्हय?" आप्पासो म्हणाले. "सर, अशी गाडी दिवा लावून हुडकून मिळायची न्हाई. ती आमास्नी द्या. आनि त्या केबलला कुनी हात लावू नका."

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला. पाहुणे, बस्ती, पंचारती धरलेला भरतेश, महाराजांचं नाव.

"ते... बहुतेक... मला..." सर म्हणाले.

"बगा, मानूस," आप्पासो गहिवरून म्हणाले आणि त्यांनी सरांच्या गळ्यात हार घातला. गुंडाला रात्री फोनवर हे कळलं तेव्हा त्याने पहिलं वाक्य म्हटलं ते हे, की म्या कसली म्हनून.

साखरपुडा छान झाला. पापड विकतचे होते. मंगळवारी परत जायचं म्हणून सर सकाळपासून भरतेशच्या आसपास घुटमळत होते. मला उंब्रजपर्यंत सोडतोस का, हे वाक्य त्यांनी आंघोळ करताना पाठ केलं होतं. दोनदा तोंडही उघडलं. भरतेश म्हणाला, मामा, ठसका लागला का, पाणी प्या, आणि दुकानात निघून गेला.

शेवटी सर पिशवी घेऊन स्टँडवर गेले. सांगलीहून आलेल्या गाडीत बसले. कंडक्टरने घाईत विचारलं, "सातारा का?" सरांनी मान हलवली. वाटेत उंब्रज आलं. पुलावरून त्यांना आपलं अंगण दिसलं, त्यातला लाल डाग दिसला, आणि मनुबाईसुद्धा दिसली. सरांनी घंटीच्या दोरीकडं पाहिलं. ती कंडक्टरच्या डोक्यावर होती, आणि कंडक्टरला डुलकी लागली होती.

साताऱ्याच्या स्टँडवर सर्वांच्या शेवटी ते उतरले आणि पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

"आजोबा, कुठं जायचं हुतं?" कंडक्टरने विचारलं.

"इथंच," सर म्हणाले.